आधी गाडीखाली झोपा

पडदे बघून गाडी घेणाऱ्या माणसांवर माझा पहिल्यापासून राग आहे. पडदे लावून गाडी विकणाऱ्यांवर त्याहून जास्त आहे. डॉक्टर म्हणतात, मिस्त्री, या वयात राग राग करू नका. डॉक्टरांना म्हणायला काय जातं! त्यांना रोज कुंभिवलीच्या रस्त्यानं जावं लागत नाही.

जुन्या मुंबई-पुणे हायवेला, चौक गावात, माझं बॉडी बांधायचं वर्कशॉप होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं गाडी कंपनीत होते आणि शोरूमला येते. लहान मोटारींचं तसं असेल. आमच्याकडे गाडी यायची ती नुसती चासी. म्हणजे इंजिन, चाकं आणि दोन लांब लोखंडी चॅनेलचा सांगाडा. त्यावर आम्ही आडव्या चॅनेल टाकायचो, आडव्यांवर फ्लोअर, फ्लोअरवर खांब, खांबांवर पत्रा. घर बांधतात तसंच, फक्त हे घर खड्ड्यातून पळणार असतं. शाळेच्या बस बांधल्या, दुधाच्या गाड्या बांधल्या, कोंबड्यांच्या जाळीच्या गाड्या बांधल्या आणि ॲम्ब्युलन्स तर किती बांधल्या ते आठवत नाही. पस्तीस वर्षांनी गुडघे बोलायला लागले, तेव्हा वर्कशॉप पुतण्याच्या हाती दिलं आणि घरी बसलो.

बसलो म्हणजे बसू दिलं नाही. हल्ली घरगाडीचं खूळ निघालंय. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, बेसिन, संडास. विकणारे तिला कॅम्पर म्हणतात, मोटरहोम म्हणतात. नवी घ्यायची तर नेरळला फ्लॅट येईल एवढे पैसे लागतात. म्हणून माणसं जुनी शोधतात, आणि जुनी म्हणजे बहुतेक वेळा रिटायर झालेली शाळेची बस नाहीतर ॲम्ब्युलन्स. आतलं सगळं उपटायचं, प्लायवूड ठोकायचं, वर सनमायका, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, छताला दिव्यांची माळ. झाली घरगाडी. मग घेणारा कुणीतरी मला फोन करतो आणि म्हणतो, मिस्त्री, जरा नजर टाका. नजर टाका! गाडीखाली झोपा असं आजवर एकानंही म्हटलं नाही.

मी जाताना एक जुनं पोतं, टॉर्च आणि लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जातो. आधी गाडीची दारं-खिडक्या बंद करून तासभर उन्हात ठेवायला सांगतो. मग दार उघडून नाक आत घालायचं. अगरबत्तीचा वास आला तर समजायचं की दुसरा कुठला तरी वास झाकलाय. मग भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकत जायचं. आमच्याकडचा पाऊस चार महिने आडवा-उभा मारतो, त्यात पत्र्याचा सांधा एकदा उघडला की आतलं प्लायवूड भिजलेल्या बिस्किटासारखं होतं आणि ठोकल्यावर आवाजच देत नाही. शेवटी पोतं टाकून खाली झोपायचं. खाली सगळीकडे नवाकोरा काळा रंग फासलेला दिसला, तर स्क्रू-ड्रायव्हर काढायचा आणि टोचून बघायचं. पंधरा वर्षांच्या गाडीला खालून नवा रंग कुणी हौसेनं देत नाही.

एकदा पुण्याहून एक तरुण जोडपं आलं होतं. दोघंही कॉम्प्युटरवाली. गाडी त्यांना फोटोतच पसंत होती. बाई मला म्हणाल्या, "काका, इंटिरिअर किती क्यूट आहे ना?" मी बेसिनचा नळ सोडला आणि विचारलं, हे पाणी जातं कुठं? कुणालाच माहीत नव्हतं. पाच मिनिटांनी पलंगाखालचा खण उघडला तर पाइप तिथंच येऊन संपलेला, आणि खणातल्या दोन नव्या गाद्या पाणी पिऊन बसलेल्या. ओट्याखाली गॅसचा सिलिंडर कपाटात कोंडलेला, आणि कपाटाला तळाशी एक भोक नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्याला बाहेर जायला तळाला जाळी लागते. हे मी विकणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "मिस्त्री, भोक पाडलं तर उंदीर येतात." उंदीर! दोन माणसं आत झोपणार आहेत आणि याला काळजी उंदराची. आरसी बुक बघितलं तर त्यात गाडी अजून ॲम्ब्युलन्सच होती. म्हणजे रस्त्यात पोलिसानं थांबवलं असतं तर पेशंट कुठाय विचारलं असतं.

आपल्याकडच्या लोकांची वेगळीच तऱ्हा. कर्जतजवळचे एक जमीनवाले शेतकरी अशी गाडी बघायला मला घेऊन गेले. पलंग, ओटा, संडास सगळं बघून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "लग्नाला न्यायची म्हटली तर मानसं किती बसतील?"

"चार."

"मंग येवढी मोठी कशाला केली रं?"

त्यांनी गाडी घेतली नाही. त्या दिवशी सगळ्यात शहाणा प्रश्न त्यांनीच विचारला, असं मला अजून वाटतं.

हे सगळं मी लोकांना हसत सांगतो आणि लोकही हसतात. पण ज्या गाडीबद्दल मला लिहायचंय ती गोष्ट मी कधी कुणाला सांगत नाही. तिच्यात राग करायला एक माणूस जास्त आहे, आणि तो मी आहे.

बबन माझा जुना दोस्त. तीस वर्षं ट्रक चालवला, बराचसा दक्षिणेकडे. बेळगाव, हुबळी, तिथून पार कन्याकुमारीपर्यंत. त्याच्या ट्रकचा हौदा मीच बांधला होता. त्याची बायको सरकारी उपकेंद्रात नर्स. अख्खा तालुका तिला शेलार सिस्टर म्हणतो, आणि नवराही सिस्टरच म्हणतो. डोंगरातल्या ठाकरवाड्यांवर लसींचा डबा खांद्याला लावून ती पायी चढायची. बबन महिना-महिना रस्त्यावर आणि ही डोंगरात. दरवेळी तो घरी आला की सांगायचा, एकदा तुला माझ्या बाजूला बसवून सगळा रस्ता दाखवतो. ते राहून गेलं. मग साखरेनं बबनचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला.

सिस्टर रिटायर झाली आणि एकोणसाठाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकली. लायसन्स घेऊन पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "मिस्त्री, आता मी चालवणार आणि हे बाजूला बसणार. रस्ता हे दाखवतील." ढाब्यावरच्या संडासात बबनला एका पायावर बसता येत नव्हतं, म्हणून गाडीतच धरायला दांड्या असलेला संडास हवा होता. तिच्या फंडाच्या पैशात बसेल अशी छोटी, जुनी घरगाडी शोधायची होती. दिवाळी झाली की निघायचं ठरलं होतं. उशीर करून चालणार नव्हतं, कारण बबनच्या डाव्या पायालाही जखम झाली होती आणि डॉक्टरांनी अजून काही महिने जपलं तर जपलं, असं सांगितलं होतं.

"मी शिव्या घालनार हाय," बबन म्हणाला. "गिअर चुकला की शिवी. तीस वर्सं साठवल्यात."

दसऱ्याच्या चार दिवस आधी आम्ही तिघं कुंभिवलीला गेलो. तिथं हायवेलगत एका डीलरचं आवार आहे. नाव नाही सांगत, सगळे त्याला शेठ म्हणतात, मीही शेठच म्हणतो. आवारात झेंडूच्या माळा लावलेल्या सात-आठ गाड्या उभ्या होत्या. त्यातली एक पांढरी, छोटी. आत पलंग, घडीचा ओटा, दांड्या असलेला संडास. सिस्टरला हवं होतं तसंच सगळं. मी पोतं काखेत घेऊन तिच्या मागच्या दारापाशी गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

मागच्या डाव्या खांबाला, वरून वीतभर खाली, दोन रिव्हेट अगदी चिकटून मारलेले होते. बाकी सगळे सारख्या अंतरावर, हे दोनच जोडीनं. ही माझी खूण. सही करायची माझी पद्धत म्हणा. ही ॲम्ब्युलन्स मी बांधलेली होती.

काय सांगू, मला पोर भेटल्यासारखं झालं. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील आणि खांब सुतात उभे! दार एका बोटानं लागत होतं. मी पत्र्यावरून हात फिरवला, बबनला जोड रिव्हेट दाखवले, शेठला दाखवले, तिथं चहा घेऊन आलेल्या माणसालाही दाखवले. छताचा बाक कसा काढतात, तो मी कसा हातानं काढला, हे सगळं रामायण मी उभ्या उभ्या सांगितलं. पोतं काखेतच होतं.

बबन हसायला लागला. "आता कशाला खाली झोपतूस? तूच बांधलीस ना रं?"

मला ते पटलं. पस्तीस वर्षांत मला पटलेली ती सगळ्यात मूर्ख गोष्ट.

शेठ चतुर माणूस. त्यानं आतून नारळ आणला. आमच्या वर्कशॉपची एक रीत होती. बॉडी पुरी झाली की ज्यानं ती बांधली त्यानंच मागच्या पायरीवर नारळ फोडायचा आणि पाणी आत फ्लोअरवर शिंपडायचं. नारळ फुटला की काम पास. त्यानंतर त्या गाडीला कुणी नावं ठेवत नाही. हायवेवरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना ही रीत ठाऊक आहे, शेठलाही होती. म्हणाला, "बांधणाऱ्यानंच फोडायचा, काय मिस्त्री?"

मी फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठनं मोबाइलवर फोटो काढला. मी करवंटीतलं पाणी फ्लोअरवर शिंपडलं, ते नव्या चकचकीत व्हिनाइलवरून ओघळत कडेला गेलं आणि दिसेनासं झालं. मग खाली पडलेला करवंटीचा तुकडा उचलायला मी वाकलो. पायरीच्या आत, चांगलं हातभर पुढं, गाडीच्या पोटातून थेंब पडत होते. तिथं थेंब पडायला जागाच नसते. नारळाचं पाणी नितळ असतं. हे थेंब गंजानं चहासारखे लाल होते.

मी पाहिलं. मला कळलं. आणि मी तुकडा उचलून सरळ झालो.

तोंड का उघडलं नाही, याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. नारळ फुटला होता, सिस्टर गाडीला हळद-कुंकू लावत होती, बबनचे डोळे भरून आले होते. सगळी खोटी. खरं कारण एवढंच की दहा मिनिटांपूर्वी मी त्या गाडीची इतकी वाहवा केली होती की आता मागे फिरायची मला लाज वाटली.

घरी येऊन जेवण गेलं नाही. उद्या सांगू म्हटलं, मग परवा. तिसऱ्या दिवशी मी रिक्षा करून नेरळला त्यांच्या घरी गेलो, तर गाडी दारात उभी होती. कागद झाले होते, सगळे पैसे देऊन झाले होते. ज्या क्षणी थेंब पाहिले त्या क्षणी बोललो असतो तर नुसत्या विसारावर सुटले असते. मी पोतं टाकलं, खाली झोपलो. नवा काळा रंग होता. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तो मुठीपर्यंत आत गेला.

सिस्टर बाजूला उभी होती. मी बाहेर येऊन सगळं सांगितलं. थेंबांचंही सांगितलं.

"तुम्ही थेंब पाहिले होते?"

"पाहिले."

"आणि घरी गेलात?"

मी पोत्याची घडी घालायला लागलो.

"मिस्त्री, वाडीवर एखादं पोर तापानं फणफणलेलं दिसलं असतं, आणि मी लोकांसमोर कसं बोलायचं म्हणून तशीच खाली उतरून आले असते, तर तुम्ही मला काय म्हणाला असता?"

घरापुढच्या ओट्यावर बसलेला बबन म्हणाला, "सोड गं सिस्टर. मानूसच हाय तो."

"मी सोडणार नाही," ती म्हणाली. आणि मला तेच बरं वाटलं.

ॲम्ब्युलन्स खालून का सडते ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. रोज ब्लीचिंगच्या पाण्यानं फ्लोअर धुतात. ते पाणी कडेच्या सांध्यातून आत मुरतं आणि आडव्या चॅनेल आतून खातं. "आमच्या दवाखान्यातल्या ट्रॉल्यांचे पाय असेच गेले," ती म्हणाली. "मला शंका आली होती. पण तुम्ही नारळ फोडलात, मग मी विचारलं नाही."

मी त्याच दिवशी कुंभिवलीला गेलो. शेठला म्हटलं, गाडी परत घ्या. शेठ खुर्चीत रेलून म्हणाला, "मिस्त्री, नारळ कोणी फोडला? मी फोडला का?" मी म्हटलं, खालचा काळा रंग कुणी मारला? तर म्हणतो, "सफाई नको का? दसरा आहे." आणि त्यानं भिंतीकडे बोट केलं. माझा फोटो. हात वर, नारळ हातात, तोंडभर हसू. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, मूळ मिस्त्रींनी स्वतः पास केलेल्या गाड्या. गाड्या! मी एक बघितली, तीही बघितली नाही, आणि हा माझ्या तोंडावर अख्खं आवार विकायला बसला होता. मी फ्रेम काढायला हात घातला तर त्याच्या माणसांनी मला बाहेर काढलं. सत्तरीला आलेल्या माणसाला दंडाला धरून.

पोलिसात सिस्टरनं तक्रार दिली. बघू म्हणाले. अजून बघताहेत.

गाडी मी चौकला, वर्कशॉपवर आणली. पुतण्यानं फ्लोअर उचकटला तेव्हा मी तिथंच उभा होतो. सातपैकी पाच आडव्या चॅनेल हातानं तुटत होत्या. माझे सुतातले खांब, माझा छताचा बाक, माझे जोड रिव्हेट, सगळं दोन चॅनेलवर उभं होतं. घाटात कुठंतरी फ्लोअर बसला असता आणि आत सिस्टर आणि बबन असते. आणखी एक गोष्ट कबूल करतो. चॅनेल कापल्यावर तिच्या उघड्या तोंडांना आतून गंजरोधक रंग लावायचा असतो. या गाडीला मी तो लावला होता की घाईत राहून गेला होता, मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे बहुधा लावला नसावा.

सगळ्या चॅनेल नव्या टाकल्या, पलंग-संडास उतरवून पुन्हा बसवले, सिलिंडरच्या कपाटाला जाळी केली. गुडघे दुखत होते तरी वेल्डिंगला मीच बसलो. पुतण्यानं खर्चाचं तोंडातून काढलं नाही. पण वेळ माझ्या हातात नव्हता. दिवाळी गेली. संक्रांत आली. तेवढ्यात बबनच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हा पाय आता खाली सोडून बसायचं नाही, कायम वर उचलून ठेवायचा.

म्हणजे पुढच्या सीटवर बसता येणार नव्हतं. मागच्या पलंगावर झोपूनच जावं लागणार होतं. मागच्या खिडकीतून त्याला रस्ता दिसणार होता, पण मागे गेलेला. तीस वर्षं समोरून येणारा रस्ता बघणारा माणूस.

निघायच्या दिवशी सिस्टर नारळ घेऊन वर्कशॉपवर आली आणि तिनं तो माझ्यापुढं धरला. मी हात लावला नाही. पोतं अंथरलं आणि म्हटलं, "सिस्टर, आधी खाली चला."

ती पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून, तोंडात टॉर्च धरून खाली सरकली. साठीची बाई. स्क्रू-ड्रायव्हर मी दिला होताच. एकेक चॅनेल ती टोचत गेली, पेशंटचं पोट तपासतात तशी बोटं दाबत गेली. चांगली वीस मिनिटं. गाडीतल्या पलंगावरून बबन ओरडत होता, "सिस्टर, नाडी लागती का नाय?" ती बाहेर आली, हाताला ग्रीस, केसात माती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता फोडा."

"नाही. जो खाली जाऊन आला त्यानं फोडायचा."

तिनं फोडला. पाणी शिंपडलं. मी आणि ती दोघंही वाकून खाली बघत राहिलो. फ्लोअरच्या कोपऱ्यात आता बसवलेल्या नळीतून, जिथून यायला हवं तिथूनच, स्वच्छ नितळ पाणी खाली पडलं. मग ती स्टिअरिंगवर बसली, पहिलाच गिअर तिनं कर्कशपणे घातला, आणि मागून बबननं अशी कडक शिवी घातली की रस्त्यापलीकडच्या ढाब्यावरची माणसं वळून बघायला लागली. गाडी दूर जाताना मागच्या काचेत तो मला दिसत होता. हात हलवत होता.

सहाव्या दिवशी त्याचा फोन आला. हुबळीच्या पुढं कुठंतरी थांबले होते. म्हणाला, "सुदाम, रस्ता मागनं बी बरा दिसतो रं. पयल्यांदाच बघितला." त्यानं मला एवढ्या सहज सोडलं याचासुद्धा मला राग आला.

तो फोटो अजून कुंभिवलीच्या त्या ऑफिसात आहे. दोनदा जाऊन सांगून आलो, काढत नाही. म्हणून इथं लिहितोय. घरगाडी बघायला त्या बाजूला गेलात आणि भिंतीवर नारळ घेऊन हसणारा म्हातारा दिसला, तर त्याच्या काखेत बघा. पोतं घडी घातलेलंच आहे. तो माणूस गाडीखाली गेलेला नाही.